हळदीचा पहिला ठोका

मंद्रूप, ४ एप्रिल

धुळाप्पा,

सुपारी माघारी पाठवलीय. शरणप्पाच्या जीपमधनं आली हुती, त्याच्याच जीपमधनं परत गेलीय. पाकीट उघडलं बी न्हाय. सुपारी कुणाला देत्यात रं? ब्यांडवाल्याला देत्यात, मंडपवाल्याला देत्यात. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला सुपारी देऊन पोरीच्या लग्नात वाजवायला बोलावणारा भाऊ म्या तरी ह्या पंचक्रोशीत पयलाच बघितला. सोयऱ्याला नारळ असतोय, पानाचा इडा असतोय. कपाळाला भंडारा लावून म्हणायचं असतंय, दाजी, हळदीला ढोल घेऊन या. एवढं बोलायला तुझी जीभ झिजत हुती व्हय?

आन पाकिटासंगं तो छापील कागद. कवा काय वाजवायचं त्येचा. चौथी झालीय माझी, वाचता येतंय. सकाळी हळद, डीजे. दुपारी अक्षता, सनई, लाइव्ह. लाइव्ह म्हंजे काय म्हणून शरणप्पाला इचारलं, तर म्हनला, माणूस सोता बसून वाजवतोय ते. मग आमचा ढोल काय आपोआप वाजतोय व्हय? जेवताना जुनी गाणी म्हणणारं जोडपं. संध्याकाळी वरात, परत डीजे. आन ह्या सगळ्याच्या मधी, कुणाच्या नजरेला पडू नये असल्या बारीक अक्षरात, चार ते पाच, धनगरी ढोल.

चार वाजता मंगल कार्यालयात कोण असतंय सांग की मला. खुर्च्या गोळा करणारी पोरं, कढई घासणाऱ्या बाया, आन जेवण जास्त झालं म्हणून भिताडाला टेकून घोरणारा एखादा म्हातारा. त्येला ऐकवायला आमी मंद्रूपातनं ढोल आणायचा?

आपल्या घरात पोरीला हळद कवा लागती ते इसरलास, का सोलापूरच्या नळाच्या पाण्यानं धुऊन निघालं? बिरोबाच्या नावानं ढोलावर पयला ठोका पडल्याबिगर हळदीच्या वाटीत कुणी बोट घालत न्हाय. आन तो ठोका आत्याच्या नवऱ्याचा. माझ्या हळदीला आत्याचा नवरा ओढ्याला पाणी आलं म्हणून अडकला, तर आबानं मला उनात तशीच पाटावर बसवून ठेवली हुती. भटजी बोंबलत हुता. आबा म्हनला, मुहूर्त तुमचा, पोरगी माझी.

माझ्या पोटी पोरगी न्हाय हे तुला ठावं हाय. तुझ्या सोनालीचीच हळद माझी हळद. पाळण्यात हुती तवापासनं तिचं मामा, म्हंजे आमचं हे, म्हणत्यात, हिच्या हळदीला असा ठोका टाकीन की भिमेच्या पलीकडं ऐकू जाईल. आन तू त्येंना चारची येळ दिलीस, खुर्च्या उचलायची.

फोन करणार न्हाय. फोनवर तू, आक्का आवाज येत न्हाय, म्हणून ठेवतोस. कागदाला आवाज लागत न्हाय. उत्तर लिव्ह.

तानाबाई


शुक्रवार पेठ, सोलापूर, ७ एप्रिल

आक्का,

पत्र मिळालं. शिवलीलानं आधी वाचलं आणि म्हणाली, तुमच्या बहिणीनं लिहिलंय का पेटवून पाठवलंय.

आधी सुपारीचं सांगतो. ती दाजींना नव्हती. त्यांच्या हातात द्यायची होती, पण त्यांच्यासाठी नव्हती. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. शरणप्पाला मी दोनदा सांगितलं होतं की दाजींच्याच हातात दे. तो तुला घाबरतो, तू जीपजवळ आलीस आणि त्यानं दिलं. त्याला बोलण्यात अर्थ नाही.

वेळांचं म्हणशील तर लग्न आता गावाकडच्यासारखं राहिलेलं नाही. कार्यालयवाले ज्या त्या वेळेला ज्याचं त्याचं उरकून घ्या म्हणतात. दहानंतर आवाज केला तर पोलीस येतात, त्यामुळं वरात लवकर काढायची. डीजेवाल्याला सकाळीच सामान लावायचंय, मग हळदीलाही तोच. आणि मुख्य म्हणजे माळशिरसची मंडळी अडून बसलीत. नवरदेवाच्या मित्रांना हळदीला डीजे पाहिजेच. आपली मुलीची बाजू. किती ताणायचं?

तुझ्यासाठी एवढं करतो, हळदीच्या आधी पाच मिनिटं डीजे बंद ठेवायला सांगतो. त्यात कुणीतरी ढोल वाजवेल, देवाचं नाव होईल. दाजींनीच वाजवला पाहिजे असं काही नाही.

आणि आक्का, रागावू नको, पण मला लिहिण्याआधी हे सगळं एकदा दाजींशी बोल. शांतपणे बोल. तू बोलायला लागलीस की समोरच्याला बोलायला जागा राहत नाही.

सोनाली बरी आहे. साड्यांच्या खरेदीला तू ये, ती वाट बघतेय.

धुळाप्पा


मंद्रूप, १० एप्रिल

धुळाप्पा,

पाच मिनिटं. ढोल शेकायला त्येच्याहून जास्ती येळ लागतोय. तू ढोल शेकताना बघितलायस का शेवटचा कवा? जाळ किती, चामडं किती लांब धरायचं, कवा फिरवायचं, ते मला इचार. आन कुणीतरी वाजवेल म्हंजे कोण? रस्त्यानं जाणारा? आत्याचा नवरा जित्ता असताना त्येच्या जागी कुणीतरी. ही ओळ लिवताना तुझा हात कसा उचलला?

तू म्हनलास दाजींशी बोल, बोलले की. शांतपणे बोलले, शेळ्या बी उठल्या न्हाईत. म्हनलं, तुमच्या मेव्हण्यानं तुमाला चारची येळ दिलीय, तुमाला काय वाटतंय? तर म्हणत्यात, जाऊ दे की, चार बी चांगलीच येळ हाय, ऊन उतरतंय. आता हे शब्द त्या माणसाचं हायत व्हय? जत्रंत दुसऱ्या ताफ्याचा ढोल आधी वाजला म्हणून जेवण सोडून उठणारा हा माणूस. तू त्येंचं काळीज मोडलंस, धुळाप्पा. म्हणून त्येंच्या तोंडातनं असं निघतंय.

जत्रंपासनं ढोल खुंटीवरनं काढला न्हाय त्येंनी. तवा बी म्हनलं असेल कटाळा. आता कळलं. तू त्येंच्या कानावर आधीच घातलं असशील की हळदीला डीजे हाय, तुमची गरज न्हाय. तवापासनं माणूस घरात मुकाट बसतंय. पटका बी मला बांधायला लावतंय, म्हणतंय तुझ्या हातचा नीट बसतोय. चा डाव्या हातानं पितंय. इचारलं तर म्हणतंय, उजव्या हाताला इळा लागला. मला कुटं खूण दिसली न्हाय. मनाला लागलेलं असं हातात उतरतंय.

आता दुसरं ऐक. तू लिवलंस माळशिरसची मंडळी अडून बसलीत. म्या काल विहीणबाईंना फोन लावला. तोंडावर बोलणारी बाई मी, तुला ठावं हाय. म्हनलं, तुमाला आमच्या घरची रीत मोडूनच सून पायजे का? बाई आधी हसली. मग म्हनली, अवो, आमी कुटं डीजे मागितला? आमच्यात बी हळदीला ढोलच असतोय. तुमच्या भावानंच आमाला सांगितलं, हळदीला डीजे लावू, मोठ्ठा लावू, तुमी नको म्हणू नका. आमाला वाटलं सोलापूरची पद्धत असेल.

आता बोल. सोयऱ्याच्या नावावर खोटं लिवलंस. बहिणीला लिवलंस. माझी मान विहीणबाईंपुढं खाली गेली ती गेलीच. ती बाई देवमाणूस म्हणून हसली, दुसरी असती तर सोयरीक हितंच तुटली असती.

डीजे कुणाला पायजे? पोरीला? शिवलीलाला? का तुला कचेरीतल्या लोकांपुढं धनगराचा ढोल दाखवायची लाज वाटतीया? तसं असेल तर तसं लिव्ह. आबाच्या मेंढरांवर शिकलास, फी भरायला बकरी इकली जायची ती म्या चारलेली असायची, तवा लाज न्हाई वाटली.

मी लग्नाला येत न्हाय. साड्यांना बी येत न्हाय. आत्याचा पाट रिकामा ठेवा आन लोकांनी इचारलं तर डीजेवाल्याला उत्तर द्यायला सांगा.

तानाबाई


शुक्रवार पेठ, सोलापूर, १३ एप्रिल

आत्या,

हे पत्र मी लिहितेय, पप्पांनी नाही. ते दोन दिवस तुमचं पत्र खिशात घेऊन फिरताहेत. लिहायला बसतात आणि उठतात. शेवटी मम्मी म्हणाली, सोने, तूच लिही, शपथ त्यांची आहे, तुझी नाही. तसा शब्द मीही दिला होता. तो आज मोडते. मामा रागावले तर माझ्यावर रागावू देत.

डीजे पप्पांना नको होता. मला नको होता. माळशिरसच्यांना नको होता, ते तुम्हाला कळलंच. हळदीला डीजे लावा असं तुमच्याच घरातनं, मामांनी सांगितलं.

फेब्रुवारीत मामा शेळ्या विकायच्या निमित्तानं सोलापूरला आले होते ना, तेव्हा शेळ्या लगेच विकल्या गेल्या. उरलेला दिवस ते पप्पांबरोबर दवाखान्यात होते. त्यांच्या उजव्या खांद्याची शीर दबलीय. हात छातीच्या वर जात नाही आणि बोटांत काही धरलं की कधी सुटेल ते त्यांना कळत नाही. डॉक्टर म्हणाले, गळ्यात वजन अडकवायचं नाही. ढोल तर अजिबात नाही.

जत्रेत नाच चालू असताना त्यांच्या हातातनं काठी निसटली होती. पुढच्या माणसानं नाचता नाचता ती पायानं मागं सरकवली आणि मामांनी वाकून उचलली. बघणाऱ्यांना वाटलं नाचातलीच चाल आहे, टाळ्या पडल्या. तुम्हीही तिथं होतात. मामा म्हणाले, तिनंसुद्धा टाळी वाजवली.

आमच्या घरी चहा पिताना त्यांनी पप्पांना सांगितलं, हळदीला डीजे लाव, मोठा लाव. कानठळ्या बसल्या पाहिजेत लोकांच्या. मग ढोल नाही हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही, आणि तुझ्या आक्काच्या तर रागाच्या भरात अजिबात यायचं नाही. चार वाजताची वेळही त्यांनीच मागितली. ढोलाचं नाव कागदावर राहू दे, म्हणाले, पण माणसं पांगल्यावर. सुपारी तुमच्या गावातल्या दुसऱ्या ताफ्यासाठी होती. ती मामा गुपचूप त्यांना देणार होते आणि चार वाजता स्वतः फक्त झांजा घेऊन मागं उभे राहणार होते.

पप्पांनी विचारलं, आक्काला सांगायचं का? तर मामांनी बिरोबाची शपथ घातली. म्हणाले, तिनं सोनीच्या पाळण्यापासून हा ठोका ऐकायचा धरलाय. हात गेला हे मी सोसलं, तिचं तोंड उतरलेलं मला सोसायचं नाही. त्यापेक्षा तिला तुझा राग येऊ दे. राग तिला मानवतो.

तर पप्पा तुमचा राग खात बसलेत. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, म्हणून माळशिरसचं नाव घेतलं आणि पकडले गेले.

आत्या, मला हळदीला काय पाहिजे ते मला अजून कुणीच विचारलेलं नाही. मला तुम्ही दोघं पाहिजेत. ढोल वाजो नाही तर नुसती परात वाजो.

सोनाली


मंद्रूप, १८ एप्रिल

धुळाप्पा,

हे तुला लिवतेय, पण सोनीला बी वाचून दाखव आन शिवलीलाला बी. घरातल्या समद्यांना ठावं, दवाखान्यातल्या डॉक्टरला ठावं, काठी सरकवणाऱ्याला ठावं. ज्या बाईच्या चुलीवर त्यो माणूस जेवतोय तिला ठावं न्हाय. ही काय रीत झाली? मी काय कुणाच्या तिथली पाव्हणी हाय व्हय?

शपथ घातली म्हणती सोनी. दाजीनं शपथ घातली तर तू पाळलीस, मी इचारलं तर खोटं बोललास. म्हंजे देवाला भ्यालास आन मला न्हाय. पुढच्या बारीला उलटं कर.

सोनीचं पत्र आलं त्या दिवशी म्या ते वाचून पदराला बांधलं. खुंटीवरला ढोल काढला, पुसला, आन ह्येंच्या म्होरं नेऊन ठेवला. म्हनलं, वाजवा. ह्येंनी माझ्याकडं बघितलं, ढोलाकडं बघितलं, आन म्हनले, कुणी सांगितलं? म्हनलं, ढोलानं. मग म्हनले, तुला कळलं असतं तर तू गावभर भांडली असतीस. म्हनलं, कुणासंगं? म्हनले, तेच की. खांद्यासंगं कसं भांडायचं? तुला भांडायला माणूस लागतंय, म्हणून धुळाप्पा दिला.

तुझा दाजी हाय म्हणून सोडलं, न्हायतर त्याच काठीनं बडवलं असतं.

आन टाळीचं बी कळलं. वाजवली म्या. मला कुटं ठावं हुतं. आता त्या टाळीचं काय करू, ते बी सांगा कुणीतरी. मलाच न्हाय सांगितलं कुणी.

आता नीट ऐक. तुझा कागद म्या चुलीत घातला. कवा काय वाजवायचं ते आता मी सांगतेय.

हळदीला डीजे न्हाय. आवाज बारीक करून न्हाय, पाच मिनिटं बंद ठेवून न्हाय. वायर काढून ठेवायची, आन वायर शिवलीलाच्या कनवटीला. पाटाच्या म्होरं काळं घोंगडं अंथरायचं. ढोल गळ्यात न्हाय, घोंगड्यावर. मागं एक लोड ठेवा. ढोलाम्होरं हे बसतील. ढोलाची डावी बाजू हातानं वाजवत्यात, उजवी काठीनं. डावा हात त्येंचा धडधाकट हाय, चा पिऊन पिऊन तर आणिकच झालाय. डावी बाजू त्येंची. उजव्या बाजूची काठी माझ्या हातात.

आता तू म्हणशील बाईनं ढोलाला हात लावायचा न्हाय. ढोल्याच्या घरात ढोल शेकतंय कोण रं? चामड्याला तेल कोण लावतंय? जत्रंनंतर त्येच्यावरचा भंडारा कोण झाडतंय? लगीन झाल्यापासनं हा हात ढोलालाच हाय. नुसता वाजवायच्या वक्ताला बाजूला सारायचा व्हय? म्या पुजाऱ्याला इचारलं. त्यो डोकं खाजवत म्हनला, असं कवा कुणी इचारलं न्हाय. म्हनलं, मग न्हाय बी कुणी म्हनलेलं नसंल. त्यो म्हनला, ते बी खरंच. झालं. देवाकडनं मिटलं.

चार दिस झालं, शेळ्यांच्या खोपीत दार लावून शिकवत्यात मला. पयल्या दिवशी काठी अशी हाणली की शेळ्या दावी तोडाय लागल्या. हे म्हनले, अगं, ज्वारी बडवतीयास का? हळू. ठोका मारायचा नसतोय, सोडायचा असतोय. एवढं शिकवत्यात तरी तोंड गप बसत न्हाय त्येंचं, खोड काढत्यात, माझ्या आईला मधी आणत्यात. जत्रंपासनं घरात असलं बोलणं न्हवतं. परवा हसले बी. दात बघून म्या त्येंना लई दिसांनी वळखलं.

पयला ठोका झाला की मग दुसरा ताफा धरंल. त्येंच्यासंगं म्या बोललेय. ती सुपारी शरणप्पासंगं परत धाड, त्येंचीच हाय. म्या माघारी पाठवली, पाठवली तर पाठवली. इचारल्याबिगर वस्तू धाडली की असंच हुतंय.

अक्षतांना सनई असू दे, चांगली असती. जेवताना त्या जोडप्याला म्हणू दे, पर त्येंना आधी जेवायला घाला, उपाशी माणसाला गाणं म्हणाय लावू नका. वरातीला तुझा डीजे लाव, मोठ्ठा लाव. पोरं नाचू देत. मी बी नाचीन, बघ. आन चार ते पाच कुणी काय वाजवायचं न्हाय. त्या येळेला हे खांदा टेकून पडतील, त्येंना पंख्याखाली जागा ठेवा.

विहीणबाईंना फोन करून खोटं बोललो म्हणून सांग. तू सांग, मी न्हाय सांगणार. ती बाई हसंल, पर सांग.

काल हे मला म्हनले, तिथं समद्या लोकांत काठी चुकली तर? पोरीच्या हळदीला ठोका चुकला तर काय म्हणतील? म्हनलं, काय म्हणतील? ढोल्याचा कवा चुकला न्हाय, बाईनं काठी घेतली म्हणून चुकला, म्हणतील. म्हणू देत. मला भांडायला माणसं मिळतील.

तर आता तुझं काम. सोयऱ्याला बोलवायचं असतंय तसं बोलव. नारळ, इडा, भंडारा. शरणप्पासंगं न्हाय, सोता घेऊन ये, आन दाजीच्या म्होरं बस. दवाखान्याचं नाव काढू नको. हळदीला ढोल घेऊन या, एवढंच म्हण.

रविवार बिरोबाचा वार हाय. रविवारी दिवस मावळायच्या आत मला उत्तर पायजे. तू दारात आलास तर तेच उत्तर. न्हाय आलास तर सोमवारी पयल्या जीपनं मी ढोल घेऊन शुक्रवार पेठेत उतरते, आन तुझ्या गल्लीच्या तोंडाशी बसून वाजवाय लागते. अजून नीट येत न्हाय मला. इचार करून ठरव.

तानाबाई